धोंड्याच्या महिन्यातले टाके

लग्न झालं तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा होतो आणि तोवर स्वतःच्या शरीराबद्दल माझी फारशी तक्रार नव्हती. चष्मा होता, पोट अधूनमधून बिघडायचं, बाकी सगळं जिथल्या तिथे आहे अशी समजूत होती. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात ती चुकीची ठरली.

पुरुषाच्या इंद्रियाच्या टोकाखाली कातडीची एक बारीक पट्टी असते. टोक आणि त्यावरची सैल कातडी यांना ती एकमेकांशी बांधून ठेवते. बहुतेकांची पट्टी पुरेशी लांब असते, त्यामुळे ती आहे हे कळायच्या आतच ते म्हातारे होतात. माझी आखूड होती. पहिल्याच प्रयत्नात ती ताणली गेली, किंचित फाटली, रक्त आलं, आणि मी न्हाणीघरात जाऊन गार पाणी ओतत बसलो. बायकोला सांगितलं, पोटात कळ आली. पुढच्या खेपेला पाठ दुखत होती. त्यानंतर ऑफिसातल्या कामाचा ताण आला. मे महिना संपेपर्यंत मी इतकी दुखणी जाहीर केली होती, की कुणालाही वाटावं मुलीच्या घरच्यांच्या गळ्यात आजारी स्थळ मारलं.

तिला तसं वाटत नव्हतं. तिला वेगळंच वाटत होतं, आणि ते तिने एकदा विचारलंही. मी आवडत नाही का, असं. मी नाही म्हणालो. म्हणजे तसं नाही, असं म्हणायचं होतं. पुढे काही बोलायचं तर ज्या अवयवाबद्दल बोलायचं त्याला आमच्या घरात शब्द नव्हता. आम्ही वाचणारी माणसं. घरात दोन कपाटं पुस्तकं होती आणि कुठल्याही विषयावर कुणीही मत देऊ शकत असे. हा एक विषय मात्र कुणाच्याच वाट्याला आला नव्हता.

डोंबिवलीत आमचे फॅमिली डॉक्टर होते. त्यांनी मला गोवरापासून पाहिलेलं. मी दोनदा त्यांच्याकडे गेलो. पहिल्यांदा बाकावर शेजारी आमच्या मजल्यावरच्या काकू बसल्या होत्या. दुसऱ्यांदा कुणीच नव्हतं, पण डॉक्टरांनी आत घेताच आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि त्यानंतर तो विषय काढणं मला जमलं नाही. दोन्ही वेळा पित्ताचं गुलाबी औषध घेऊन परत आलो. पित्त मला तेव्हा नव्हतं. ते औषध प्यायल्यावर झालं.

शेवटी कल्याणला गेलो. कल्याणात मला कुणी ओळखत नव्हतं, आणि तिथल्या एका सर्जनच्या पाटीवर इतक्या पदव्या होत्या की त्यांचं नाव दुसऱ्या ओळीत गेलं होतं. त्यांनी अर्ध्या मिनिटात तपासलं आणि वीस मिनिटं समजावलं. मधल्या काळात सिस्टर दोनदा आत येऊन गेली. ती आल्यावर त्यांचा आवाज जरा चढायचा आणि वाक्यं लांब व्हायची. विषय माझा असला तरी व्याख्यान सभागृहासाठी होतं.

त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा की उपाय तीन. एक, काही कापायचं नाही. रोज मलम लावायचं, कातडी हलक्या हाताने ताणत राहायची आणि काही महिने वाट पाहायची. पट्टी थोडीच आखूड असेल तर निभावतं. माझी पुन्हा पुन्हा फाटून जिथे भरून आली होती तिथे निबर झाली होती, आणि निबर कातडी ताणत नाही. दोन, पट्टी आडवी छेदायची आणि तीच जखम उभी शिवायची. कातडी काढून टाकायची नाही, आहे तीच सैल करायची. जागा बधिर करून अर्ध्या तासात होतं, त्याच दिवशी घरी. टाके आपोआप विरघळतात. तीन, सुंता. सगळी कातडीच काढली की पट्टीचा प्रश्न उरत नाही.

त्यांची शिफारस तिसऱ्याची होती. मी विचारलं, माझी वरची कातडी घट्ट आहे का. नाही म्हणाले, ती उत्तम आहे. मग ती का काढायची? तर म्हणाले, कायमचा निकाल लागतो. पुढे पेन खाली ठेवून त्यांनी ऐकवलं की जगातल्या कितीतरी थोर संस्कृतींनी हा उपाय हजारो वर्षांपूर्वीच स्वीकारलेला आहे. थोर संस्कृतींबद्दल मला आदर आहे, पण त्यांनी तो निर्णय माझी पट्टी बघून घेतला नव्हता. दाराची खिट्टी अडकते म्हणून दारच काढून टाकावं, तसलं हे वाटलं. मी दुसरा उपाय मागितला. ते जरा खट्टू झाले. दुसऱ्या उपायात, म्हणाले, शंभरातल्या काहींना पुन्हा त्रास होऊ शकतो, मग तिसऱ्याकडे यावंच लागतं. तेव्हा येईन म्हणालो.

आता प्रश्न वेळेचा होता. जखम भरायला दोन-तीन आठवडे, आणि बायकोपासून लांब राहायचं सहा आठवडे. ‘अगदी सहा,’ सर्जन बोट वर करून म्हणाले. ‘पाचव्या आठवड्यात शूरपणा करणारे माझ्याकडे परत येतात.’

इथे मला माझी हुशारी सुचली. नवी सून पहिल्या आषाढात सासूजवळ राहत नाही, माहेरी जाते. ही चाल मी आयुष्यभर हास्यास्पद मानत आलो होतो, पण तिचा उपयोग होतोय म्हटल्यावर ती अचानक सुज्ञ वाटू लागली. ती माहेरी गेली की आषाढ लागताच ऑपरेशन उरकायचं. ती परत येईल तेव्हा मी भरून आलेला असेन, वरचे दोन आठवडे कसेही निघतील, आणि पोट, पाठ, ऑफिस या सगळ्यांचा उल्लेखही कुणाला करावा लागणार नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आषाढाची सुरुवात पाहिली आणि त्याच्या तिसऱ्या दिवशीची तारीख घेतली.

कॅलेंडरवर आषाढाच्या आधी बारीक अक्षरात ‘अधिक’ छापलेलं होतं. ते मी वाचलं नाही. वाचलं असतं तरी त्याचा माझ्याशी काही संबंध आहे असं मला वाटलं नसतं. पंचांगाची टिंगल करणाऱ्या माणसाने पंचांगाच्या भरवशावर ऑपरेशन ठरवू नये. हे मला नंतर कळलं.

ती निघाली त्या दिवशी तिचा भाऊ न्यायला आला होता. तो खाली रिक्षा बघायला गेला तेव्हा ती दारात थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘आषाढ संपला की मला न्यायला येऊ नका. मला वाटलं तर मी येईन.’

मी तिची बॅग उचलली. सहा आठवड्यांनी बोलायचं ठरवलं होतं, आणि माझ्या हिशेबाने ते पुरेसं लवकर होतं.

ऑपरेशन सर्जन म्हणाले तसंच झालं. इंजेक्शन टोचलं तेव्हा जे दुखलं तेवढंच. बाकी वेळ मी छताच्या पंख्याकडे बघत होतो आणि सर्जन सिस्टरला त्यांच्या मुंबईतल्या दिवसांबद्दल सांगत होते. दुपारी रिक्षाने घरी आलो. आईला सांगितलं, मांडीला गळू झालं होतं, कापून आलोय. आईने लगेच गव्हाच्या पिठाची पोटीस शिजवायला घेतली. गळू कुठे आहे ते दाखव म्हणाली, मी लावते. तिला परतवून लावण्यात माझा सगळा दिवस गेला. ऑपरेशनशी तुलना केली तर तो भाग जास्त कठीण होता.

चौथ्या दिवशी सासरे स्वतः आमच्याकडे आले. ते मूळचे साताऱ्याकडचे. ठाण्यात खोपटच्या बस डेपोमागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढी त्यांची जागा होती, डेपोतच नोकरी केलेली, बोलणं कमी. आईला नमस्कार करून ते म्हणाले, अधिक महिना आहे, धोंड्याचा महिना. जावयाचं पहिलंच वर्ष आणि पहिलंच वाण, तेव्हा रविवारी जावईबापूंनी जेवायला यायचं. आईने माझ्या वतीने आनंदाने होकार दिला. मग माझ्याकडे वळून त्यांनी सांगितलं, काही नाही, पाटावर बसायचं, औक्षण करून घ्यायचं आणि पुरणाचे धोंडे खायचे.

मी आईला विचारलं, आषाढच आहे ना हा. आहे, पण अधिकातला आहे, ती म्हणाली, खरा पुढच्या महिन्यात. यंदा आषाढ दोन आहेत. मी म्हटलं, मला कुणी सांगितलं का नाही. तू विचारलंस कधी, ती म्हणाली.

हे लक्षात घ्या की अधिक महिन्यात जावई म्हणजे विष्णू. त्याला तेहतीस अनारसे द्यायचे, नवे कपडे द्यायचे, त्याच्या पाया पडायचं. वर्षभर ज्याला चहा विचारतात त्याची त्या दिवशी पूजा होते. मला या प्रकारात नेहमीच गंमत वाटत आलेली आहे, पण विष्णूला टाके घातल्याचं कुठे वाचलेलं नव्हतं. नाही म्हणायची सोय नव्हती. पहिल्या वाणाला जावई आला नाही याचा एकच अर्थ निघतो, आणि ती ज्या शब्दांत गेली होती त्यानंतर तो अर्थ त्यांच्या घरात सगळ्यांना लगेच पटला असता.

रविवारी ऑपरेशनला सहा दिवस झाले होते. ठाणे स्टेशनवरून खोपटला रिक्षा केली आणि ती सावकाश चालवायला सांगितली. रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून पाहिलं. मग विचारलं, साहेब, काचेचं काही आहे का. माझ्या हातात काहीच नव्हतं. आहे म्हणालो. त्याने प्रत्येक खड्ड्याला ब्रेक मारला.

घरात वीसेक माणसं होती. बायको स्वयंपाकघराच्या दारात होती, मला पाहून तिने मान हलवली आणि आत गेली. समारंभाचा ताबा सासऱ्यांच्या चुलतभावाकडे होता. हे काका निवृत्त मुख्याध्यापक, आणि अजूनही कुठल्याही खोलीला वर्ग समजायचे. अधिक मास का येतो हे त्यांनी चंद्र-सूर्याच्या गतीपासून समजावलं, मग या खेपेला नव्या सुनेने कुठल्या आषाढात माहेरी राहायचं यावर त्यांचं सासूबाईंशी मतभेदाचं बोलणं झालं. काकांच्या मते खरा आषाढच धरायचा. सासूबाई म्हणाल्या, सासूचं तोंड बघायचं नाही तर दोन्ही महिने नाही बघायचं, कशाला जोखीम. सगळे हसले. बायको आतून हसल्याचं ऐकू आलं नाही.

मग माझ्यापुढे तबक आलं. तबकात धोतर होतं. नेसून बसायचं होतं. मला धोतर नेसता येत नाही हे मी आधीच कबूल केलं, सुटका होईल या आशेने. काका उलट खूश झाले. तुमच्या पिढीत कुणालाच येत नाही, ते म्हणाले, आणि मला हाताला धरून आतल्या खोलीत घेऊन गेले. धोतर फडकवून त्यांनी मोकळं केलं. पॅंट काढा म्हणाले. मी पॅंटवरच नेसतो म्हणालो. पॅंटवर धोतर नेसतात का जावईबापू, काका म्हणाले, काष्टा मागे घट्ट खोचावा लागतो, तीच तर गंमत आहे. आणि काष्टा पायांमधून जातो कसा, खेचायचा कसा हे त्यांनी हवेतच मुठी वळून दाखवलं.

ती मूठ पाहिल्यावर मी म्हणालो, मला नेसायचं नाही. ते जरा मोठ्याने निघालं असावं.

बाहेरचं बोलणं थांबलं. काका धोतर हातात घेऊन बाहेर गेले, आणि जावई आहेर घेत नाहीत, असं त्यांनी सभेला कळवलं. मी तसं म्हटलं नव्हतं. पण तसंच दिसत होतं.

सासरे आत आले. दार त्यांनी मागे लोटून घेतलं आणि उभेच राहिले. माझ्याकडे न पाहता, खिडकीच्या गजाकडे पाहत त्यांनी विचारलं, ‘पोरीत काही खोट आहे का? असेल तर मला सांगा. चार माणसांत नको.’

त्यांचा आवाज असा होता, की मी तयार ठेवलेली सगळी दुखणी, पोट, पाठ, गळू, एकही तोंडातून निघेना.

‘खोट माझ्यात होती,’ मी म्हणालो. ‘सोमवारी कल्याणला ऑपरेशन करून घेतलं. टाके आहेत. धोतर नेसता येणार नाही, मांडी घालता येणार नाही.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग अगदी क्षणभर खाली पाहिलं, आणि मग परत गजाकडे.

‘तिला ठाऊक आहे?’

‘नाही.’

ते बाहेर गेले आणि ती आत आली. पिठाचे हात तिने तसेच ठेवले होते. मी तिला सगळं सांगितलं. शब्द नव्हते ते सर्जनचे वापरले, ते इंग्रजी होते आणि ऐकताना शाळेतल्या धड्यासारखे वाटले. ती ऐकत होती. लग्नाआधी ती घरी ब्लाउज शिवायची, त्यामुळे आडवं छेदून उभं शिवणं म्हणजे काय हे सर्जनने माझ्यासाठी कागदावर तीन वेळा काढलं होतं, ते तिला एका वाक्यात समजलं.

‘म्हणजे लांबीला मिळालं, रुंदीला गेलं,’ ती म्हणाली.

‘हो.’

‘आणि हे लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळलेलं?’

‘हो.’

तिने बोटांवरचं पीठ खरवडलं. मग म्हणाली, ‘सव्वा महिना मी रोज आरशात बघत होते. माझ्यात काय आहे ते शोधत होते. तुम्हाला पोटाचं सांगता आलं, पाठीचं सांगता आलं. हे नाही आलं.’

मी म्हणालो, मला लाज वाटली. लाज मला पण वाटत होती, ती म्हणाली, फुकटची. आणि हात धुवायला गेली.

बाहेर काय सांगितलं गेलं ते मला कधी कळलं नाही. सासऱ्यांनी काकांच्या कानात दोन शब्द टाकले असावेत, कारण काका माझ्याकडे एकदम मऊ नजरेने पाहू लागले, जी नजर मला आधीच्यापेक्षा जास्त जड गेली. खुर्ची आणली गेली. पण पूजा पाटावर होते, खुर्चीवर नाही, असा प्रश्न कुणीतरी काढला. काकांनी डोळे मिटून विचार केला आणि निकाल दिला की खुर्चीच पाटावर ठेवावी, म्हणजे बसणारा पाटावरच बसला. एका पाटावर चार पाय मावेनात म्हणून शेजारून दुसरा आणला. दोन्ही पाटांची उंची सारखी नव्हती. त्या डगमगत्या खुर्चीवर, नवं धोतर घडी घालून मांडीवर ठेवून, मी शाळेच्या बक्षीस समारंभाला आलेल्या पाहुण्यासारखा सगळ्यांच्या डोक्यावर बसलो. सासूबाईंना औक्षण करायला टाचा उंच कराव्या लागल्या. शेजारी पाटावर बायको बसली होती. तिचं डोकं माझ्या गुडघ्यापर्यंत येत होतं. ती समोर बघत होती आणि शेवटपर्यंत समोरच बघत राहिली.

निघताना ती दारापर्यंत आली नाही. सासऱ्यांनी रिक्षात बसवलं आणि रिक्षावाल्याला सावकाश ने म्हणून सांगितलं.

ऑपरेशनला दोन आठवडे झाले तेव्हा सर्जनकडे तपासणी होती. आदल्या दिवशी तिने शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप ठेवला की किती वाजता आहे ते कळवा. मी वेळ कळवली, पुढे काय ते विचारलं नाही. कल्याणला दवाखान्यात पोचलो तर ती बाकावर बसलेली होती. मांडीवर पर्स, हातात छत्री. इथे बसलं की पाटी नीट वाचता येते, म्हणाली, एवढ्या पदव्या एका माणसाला कशाला.

आत सर्जनने जखम पाहिली, छान भरतेय म्हणाले, आणि तिला पाहून त्यांचा आवाज चढला. त्यांनी थोर संस्कृतींपासून सुरुवात केली. तिने दुसऱ्याच वाक्याला त्यांना थांबवलं आणि तीन प्रश्न विचारले, जे मी विचारले नव्हते. परत फाटू शकतं का. फाटलं तर ते कसं ओळखायचं. आणि सुरुवातीला दुखलं तर ते याचं दुखणं की भीतीचं, हे कसं कळायचं. सर्जन खुर्चीत मागे टेकले आणि अगदी साध्या आवाजात, लहान वाक्यांत त्यांनी उत्तरं दिली. क्वचित फाटतं. रक्त येतं, दडवून ठेवू नये, यावं. आणि शेवटचं मला सांगता येणार नाही, ते म्हणाले, ते तुम्हा दोघांना बोलून ठरवावं लागेल. त्या खोलीत मी ऐकलेला तो पहिला वैद्यकीय सल्ला.

स्टेशनपर्यंत आम्ही चालत गेलो. माझ्यामुळे सावकाश. ती एक पाऊल पुढे होती, अधूनमधून थांबायची, पण वळून बघायची नाही. वाटेत एकदाच बोलली. विचारलं, आईंना काय सांगितलंय. गळू, मी म्हणालो. कुठे? मांडीला. तिने मान हलवली, उत्तर नोंदवून घ्यावं तशी, आणि ती माझ्या पुढच्या थापेसाठी तपशील जुळवते आहे, की मला त्यात एकटं ठेवायचं नाही असं काही तिच्या मनात आहे, ते कळेना.

माझ्याकडे पास होता. ती तिकिटाच्या रांगेत उभी राहिली. मी बाजूला खांबाला टेकून थांबलो. कल्याणहून ठाण्याला जाताना डोंबिवली वाटेत लागतं, त्यामुळे गाडी एकच होती आणि त्यावरून काही कळण्यासारखं नव्हतं. ती आली तेव्हा तिकीट तिच्या मुठीत होतं. मी विचारलं नाही. ते विचारायचा हक्क मी जूनमध्येच घालवला होता. जिन्यावर चढताना तिने छत्री काखेत धरली, कठड्याला धरायला मूठ उघडली, आणि तिकीट मला दिसलं. डोंबिवलीचं होतं.

मी जिन्यावर थांबलो. दुखतंय का, तिने विचारलं. नाही म्हणालो. मग म्हणालो, ‘अजून चार आठवडे आहेत. म्हणजे डॉक्टरांनी सहा सांगितलेत.’

‘ऐकलं मी,’ ती म्हणाली. ‘थांबायचंच आहे, तर तिथे काय आणि घरी काय. चला, सावकाश चढा.’